कोठारास कुलूप, वाट मोकळी

१४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ भर रस्त्यात लुटला गेला. सातारच्या प्रतिसरकारचे कार्यकर्ते आणि त्यांना साथ देणारे खान्देशातले देशभक्त यांनी केलेले ते धाडस आमच्या जिल्ह्यांत आजही अभिमानाने सांगितले जाते. साडेपाच लाख रुपयांची रक्कम परक्या सरकारच्या हातून गेली याचे दुःख येथे कोणासही झाले नाही. परंतु त्याच घटनेकडे एकवार ज्याचा खजिना गेला त्याच्या बाजूने पाहावे. धुळ्याच्या कोषागाराची भिंत कोणी फोडली नव्हती, तेथली कुलपे शाबूत होती. खजिना गेला तो वाटेवर, आणि तो केव्हा निघणार ही बातमी त्याच्या आधी बाहेर पडली म्हणून गेला. इंग्रज सरकारने कोठाराची जेवढी काळजी घेतली होती तेवढी वाटेची घेतली नव्हती.

हा प्रसंग आज पहिल्या पानावर सांगण्याचे कारण असे की, स्वतंत्र भारताच्या संरक्षण खात्याचाही एक खजिना अशाच वाटांवरून हिंडत असतो आणि त्या वाटांपैकी काही आमच्या दारावरून जातात. हा खजिना नाण्यांचा नाही. तो ड्रॉइंगांचा, मापांचा, धातूंच्या मिश्रणांच्या तपशिलांचा आणि मागणीच्या आकड्यांचा आहे. पूर्वी तो निळ्या कागदावर असे व कपाटात राही. आता तो संगणकाच्या फायलींत असतो, आणि फाईल ही वस्तू अशी चमत्कारिक आहे की चोराने ती नेली तरी ती मालकाच्या घरी जेथल्या तेथेच राहते. आपल्या घरी चोरी झाली हे घरधन्याला कळावे कसे?

खान्देशचा आणि सैन्याच्या सामग्रीचा संबंध नवा नाही. भुसावळचा आयुध कारखाना १९४९ पासून आहे. वरणगावचा १९६४ मध्ये उभा राहिला. एकाने दारूगोळा ठेवण्याच्या पेट्या व डबे केले, अलीकडे पिनाक रॉकेटांचे पॉड केले. दुसऱ्याने जवानांच्या बंदुकांची काडतुसे केली. या दोन कारखान्यांनी भुसावळ तालुक्यातल्या हजारो घरांची चूल पेटती ठेवली आहे. दीर्घ काळ हे कारखाने म्हणजे भिंतींच्या आतले स्वतंत्र जग होते. आत जाणाऱ्या माणसाची झडती होई, बाहेर येणाऱ्याची दुप्पट होई, आणि आतल्या कागदाने बाहेर येण्याचा प्रश्नच नव्हता. १ ऑक्टोबर २०२१ रोजी जुने आयुध निर्माणी मंडळ संपुष्टात आले व त्याच्या ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले, भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. कंपनी झाली म्हणजे ती नफा-तोटा पाहणार, आणि जो भाग बाहेर स्वस्त मिळतो तो बाहेरून घेणार. त्यात सरकारचे धोरणच असे आहे की, सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी. हे धोरण योग्य आहे. जळगावची औद्योगिक वसाहत, धुळ्याची अवधान वसाहत, नरडाणा, भुसावळ येथल्या लहान कारखानदारांना या कामात वाटा मिळावा अशीच आमची इच्छा आहे. देशाची संरक्षण सामग्रीची निर्यात २०२४-२५ या वर्षात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. त्या गंगेचे एखादे पाट-पाणी तापीच्या काठी आले तर ते कोणाला नको आहे?

परंतु काम भिंतीबाहेर आले म्हणजे ड्रॉइंगही भिंतीबाहेर आले. येथून पुढे त्या ड्रॉइंगचा प्रवास कसा होतो, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. पुढे जे लिहीत आहोत त्यात कोणा एका कारखान्याकडे आमचा निर्देश नाही. लहान उद्योगाची ओळख असलेल्या कोणालाही हे चित्र परके वाटणार नाही.

समजा, दहा-बारा माणसांच्या एका वर्कशॉपला एका संरक्षण कंपनीच्या मोठ्या पुरवठादाराकडून एका भागाचे काम मिळाले. ड्रॉइंग ई-मेलने आले. तो ई-मेल कारखान्याच्या नावाचा नसून मालकाच्या मुलाने कॉलेजात असताना काढलेला फुकटचा असतो. त्याचा परवलीचा शब्द मालकाला, मुलाला, हिशेब लिहिणाऱ्या मुनिमाला आणि जीएसटीचे विवरण भरणाऱ्या सल्लागाराच्या कचेरीतल्या मुलाला ठाऊक असतो. संगणकावर ड्रॉइंग उघडण्याचे सॉफ्टवेअर असते, ते विकत घेतलेले नसते. ‘क्रॅक’ करून कोणी तरी पेन ड्राइव्हवर आणून दिलेले असते. मोठा कागद छापण्याचे यंत्र वर्कशॉपमध्ये नाही, म्हणून फाईल बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाते व तेथल्या संगणकावर राहते. उष्णतेची प्रक्रिया आणि मुलामा बाहेर करून घ्यावयाचा, म्हणून ड्रॉइंगचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नाशिकला जातो. सीएनसी यंत्राला जोडलेला संगणक पंधरा वर्षांचा जुना. त्याच्या प्रणालीला दुरुस्त्या पुरवणे कंपनीने कधीच थांबवले आहे. आणि काम संपल्यावर छापील ड्रॉइंगचे गठ्ठे रद्दीवाल्याकडे जातात व पुढे कधी कधी त्यांत कोणाला भजी बांधून मिळतात.

यात देशद्रोही कोणी नाही. मालक सचोटीचा आहे, कारागीर हाताचा कुशल आहे, झेरॉक्सवाला गरीब आहे. सगळे आपापले काम लवकर व स्वस्तात उरकत आहेत. तरीही जो खजिना आयुध कारखान्याच्या फाटकावर सशस्त्र पहाऱ्यात होता, तो आठवडाभरात पाच-सहा ठिकाणी उघडा पडला.

यावर एक उत्तर आम्ही नेहमी ऐकतो. ते असे की, आमच्याकडे येतो तो एक बोल्ट, एक झाकण, पत्र्याची एक पेटी; त्यात कसले आले आहे गुपित? या उत्तरात तथ्य नाही असे नव्हे. पत्र्याच्या पेटीचे ड्रॉइंग शत्रूला मिळाले म्हणून आकाश कोसळणार नाही. परंतु पेटी निरुपद्रवी असली तरी पेट्यांची संख्या निरुपद्रवी नसते. अमुक मापाच्या पेट्या किती मागवल्या, त्या कोणत्या महिन्यात हव्या आहेत, नेहमीच्या दुप्पट का मागवल्या, आणि त्या कोठे पोचवावयाच्या, एवढे ज्याला कळले त्याला पेटीत काय व किती जाणार याचा अंदाज बसल्या जागी करता येतो. झाकणाच्या मापावरून नळीचे माप कळते. दहा वर्कशॉपांतले दहा भाग एकेकटे पाहिले तर लोखंडाचे तुकडे; पण ते सगळे एकाच टेबलावर मांडण्याची चिकाटी परक्या हेरखात्यात असते, आणि त्यासाठी त्यांना पगार मिळत असतो.

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. जुलै २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका लहान विमान-अभियांत्रिकी कंपनीच्या संगणकांत कोणी अज्ञात इसम शिरला. कंपनी पन्नासेक माणसांची. संरक्षणाच्या मूळ कंत्राटापासून चार पायऱ्या खाली. संगणकांची सारी व्यवस्था पाहण्यास एकच मनुष्य, तोही नोकरीत नवा. इंटरनेटवरून पोहोचता येणाऱ्या तिच्या सेवांचा परवलीचा शब्द कोणता असावा? नाव ‘अ‍ॅडमिन’ आणि परवलीचा शब्दही ‘अ‍ॅडमिन’; दुसऱ्या ठिकाणी नाव ‘गेस्ट’ आणि शब्दही ‘गेस्ट’. घराला कुलूप लावून किल्ली त्याच कुलपात ठेवण्याचा हा प्रकार होय. तेथल्या सरकारी यंत्रणेला या गोष्टीचा सुगावा लागला तो नोव्हेंबरात. तोवर सुमारे ३० गिगाबाइट माहिती गेली होती आणि तीत एफ-३५ लढाऊ विमान, पी-८ टेहळणी विमान, सी-१३० मालवाहू विमान व काही युद्धनौका यांच्यासंबंधीची कागदपत्रे होती. अमेरिकेच्या अब्जावधी डॉलरांच्या विमानाची माहिती मिळवण्यासाठी चोराला अमेरिकेत जावे लागले नाही. त्याने चौथ्या पायरीवरचे लहान दार ढकलले. ते उघडेच होते.

दूर देशाची गोष्ट नको असेल तर जवळची घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये पुण्याच्या क्विक हील कंपनीच्या सेक्राइट विभागाने भारतीय सैन्यदलांतील लोकांना लक्ष्य करणाऱ्या एका मोहिमेचा तपशील प्रसिद्ध केला. पाठवलेल्या सापळ्यांपैकी एका फाईलला नाव दिले होते संरक्षण उत्पादन धोरणाचे. त्या वर्षी त्या धोरणाचा मसुदा खरोखरच चर्चेत होता. संरक्षणाचे काम मिळवू पाहणारा जळगावचा किंवा धुळ्याचा कोणता उद्योजक अशी फाईल उघडल्याशिवाय राहील? फाईल दिसावयास दस्तऐवजासारखी, उघडताच संगणकाची किल्ली दुसऱ्याच्या हाती. ज्याला धंद्याची आस अधिक तो अधिक लवकर फसणार, अशी ही योजना होती.

मग कायदा काय करतो? कायदा आहे, आणि तो नवा नाही. १९२३ च्या सरकारी गुपिते कायद्याच्या पाचव्या कलमात सरकारी नोकराबरोबर सरकारशी करार केलेला ठेकेदार आणि त्या ठेकेदाराच्या हाताखालचा नोकरही स्पष्टपणे धरलेला आहे. गुपित परक्याला देणे हा तर गुन्हा आहेच. पण हाती आलेल्या अशा नकाशाची वा लेखाची योग्य ती काळजी न घेणे हाही त्याच कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. आमच्या वसाहतींतल्या किती मालकांना हे ठाऊक आहे? आणि लेथवर उभ्या असलेल्या कामगाराला हे कोणी कधी सांगितले आहे काय?

त्याच्या पुढचे दोन टप्पे पाहिले म्हणजे सरकारी कारभाराची गंमत कळते. जून २०१४ मध्ये संरक्षण उत्पादन विभागाने परवानाधारक संरक्षण उद्योगांसाठी सुरक्षेची नियमपुस्तिका काढली. उद्योगांचे अ, ब, क असे वर्ग पाडले. फाटके, पहारे, कागदपत्रे, संगणक या सर्वांविषयी नियम घातले. पुस्तिका चांगली आहे. पण त्याच महिन्यात दुसऱ्या एका सरकारी टिपणाने संरक्षण सामग्रीचे सुटे भाग, ओतकाम, घडाईकाम यांना औद्योगिक परवान्याची गरज नाही असे ठरवले. उद्योगांना मोकळीक मिळाली हे ठीकच झाले. परंतु ज्याला परवाना नको त्याला परवानाधारकांची पुस्तिकाही लागू नाही. अर्थात सुटे भाग करणारा लहान कारखानदार, म्हणजे खान्देशातला जवळजवळ प्रत्येक जण, त्या नियमांच्या कक्षेबाहेर राहिला. वरचा पुरवठादार करारात दोन ओळींचे कलम घालतो, गुप्तता राखण्याची हमी लिहून घेतो, खाली सही होते, आणि कागद फाईलला लागतो. या हमीने शत्रू अडत नाही. उद्या काही घडले तर जबाबदार कोण एवढे मात्र ठरते.

दुसरा टप्पा २८ एप्रिल २०२२ चा. देशाच्या संगणक सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने त्या दिवशी आज्ञा काढली की, संगणकावर हल्ला झाल्याचे लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवले पाहिजे, आणि संगणक-व्यवस्थेतील नोंदी १८० दिवस जपून ठेवल्या पाहिजेत. लहान उद्योगांना थोडी सवड देऊन तीही २५ सप्टेंबर २०२२ ला संपवण्यात आली. आज्ञेचा हेतू निर्विवाद चांगला आहे. पण ज्या वर्कशॉपचा संगणक बिघडला तर शहरातून माणूस बोलवावा लागतो आणि तो ‘उद्या येतो’ म्हणून परवा येतो, तेथे सहा तास कोणी मोजावयाचे? नोंदी जपावयाच्या म्हणजे काय जपावयाचे, हे त्या मालकाला त्याच्या भाषेत कोणी समजावले आहे? हुकूम इंग्रजीत निघतो, संकेतस्थळावर चढतो, आणि नंतर ‘अज्ञान ही सबब चालणार नाही’ असे ऐकवले जाते.

अमेरिकेने हाच रस्ता तुडवला आहे. तेथेही ठेकेदारांनी ‘आम्ही नियम पाळतो’ असे स्वतःच लिहून द्यावयाचे अशी पद्धत अनेक वर्षे होती, आणि लिहून देणे व पाळणे यांत किती अंतर असते ते तेथेही दिसून आले. म्हणून १० नोव्हेंबर २०२५ पासून तेथल्या संरक्षण खात्याच्या करारांत टप्प्याटप्प्याने नवी अट येऊ लागली. साधी माहिती हाताळणाऱ्यास १५ आवश्यकता, त्याहून नाजूक माहिती हाताळणाऱ्यास ११०. आणि पुढच्या टप्प्यापासून अशा नाजूक कामांपैकी बहुतेकांना त्रयस्थाकडून तपासणी करवून प्रमाणपत्र घेणे भाग. महत्त्वाचे असे की, ही अट पोटठेकेदाराबरोबर पायरी-पायरीने खाली उतरते. अमेरिकी कंपनीला माल देणाऱ्या भारतीय कंपनीला आणि तिला सुटा भाग देणाऱ्या खालच्या वर्कशॉपलाही तिच्याशी आज ना उद्या गाठ पडेल. तेथल्या लहान ठेकेदारांनी खर्चाच्या नावाने मोठी ओरड केली, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती.

खर्चाचा हा प्रश्नच आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. आपल्याकडे काम मिळते ते सर्वांत कमी दराच्या निविदेला. दोन कारखानदार आहेत अशी कल्पना करा. एकाने सॉफ्टवेअर विकत घेतले, ड्रॉइंगसाठी इंटरनेटला न जोडलेला वेगळा संगणक ठेवला, मोठ्या छपाईचे यंत्र आणले, महिन्यातून दोनदा येणारा जाणकार नेमला. दुसऱ्याने यांतले काही केले नाही. दोघांचे लेथ सारखे, लोखंड सारखे, मजुरी सारखी. निविदा उघडल्यावर काम कोणाला मिळेल? दुसऱ्याला. ज्याने काळजी घेतली त्याचा दर वाढला, म्हणून तो बाद. म्हणजे एकीकडे सरकार काळजी न घेण्यास शिक्षा सांगते आणि दुसरीकडे तेच सरकार काळजी न घेणाऱ्यास काम देते. सावधगिरी बाळगणाऱ्याला तोट्यात घालणारी ही पद्धत जोवर आहे तोवर कितीही पुस्तिका काढा, त्या कपाटातच राहतील. सुरक्षेचा खर्च निविदेत स्वतंत्र रकान्यात मागवावा, दराची तुलना करताना तो वगळावा, आणि तो झाला आहे याची कामापूर्वी पाहणी करावी, अशी आमची स्पष्ट सूचना आहे. कामगारांच्या शिरस्त्राणाचा खर्च वाचवून कोणी निविदा जिंकावी असे आपण म्हणत नाही. मग ड्रॉइंगच्या बाबतीत तरी का म्हणावे?

माल घेणाऱ्यांनाही आमचे एक सांगणे आहे. ड्रॉइंगवर ते कोणत्या प्रतीचे गुपित आहे याची नोंद करण्यास शाई फार लागत नाही. सगळ्याच कागदांवर ‘गोपनीय’ असा शिक्का मारला म्हणजे तो कोणीच मानीत नाही. आणि कशावरच मारला नाही म्हणजे वर्कशॉपवाल्याने काय ओळखावे? ज्याला झाकण करावयाचे आहे त्याला झाकणाचेच ड्रॉइंग द्यावे, साऱ्या जुळणीचे नव्हे. भाग कोणत्या शस्त्रात बसतो हे लेथवाल्याला कळण्याचे कारण नाही, आणि न कळल्याचा त्याला राग येणार नाही. जे दिलेच नाही ते हरवणार कसे?

लहान उद्योगांना एकेकट्याने हे सारे पेलणार नाही, हे आम्ही जाणतो. सुरक्षेचे लेखापरीक्षक मुंबई-पुण्याहून येणार आणि त्यांची फी एका लहान कामाच्या नफ्याहून अधिक होणार. म्हणून जळगाव आणि धुळे येथे वसाहतीच्या मालकीचे एकेक सामाईक ड्रॉइंगघर असावे असे आम्हांस वाटते. तेथे सुरक्षित संगणक असतील, विकत घेतलेले सॉफ्टवेअर असेल, छपाईचे यंत्र असेल. ड्रॉइंग तेथेच उतरेल, तेथेच छापले जाईल, नोंद होऊन वर्कशॉपला जाईल आणि काम संपल्यावर मोजून परत येईल. लघुउद्योगांच्या समूहांना सामाईक सुविधा उभारण्यासाठी केंद्राची योजना आहेच. ज्या मुलखाने सहकारी जिन-प्रेस चालवले त्याला हे अवघड वाटू नये. जळगावला १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बांभोरीला, धुळ्याला, शिरपूरला महाविद्यालये आहेत. संगणकशास्त्र शिकून दरवर्षी पुण्याची गाडी धरणाऱ्या मुलांपैकी चार जणांना येथेच काम मिळेल. यावर कोणी म्हणेल की, सगळी ड्रॉइंगे एका घरात ठेवणे म्हणजे चोराची सोय करणे. ही शंका रास्त आहे. परंतु पन्नास उघड्या घरांपेक्षा एक राखलेले घर बरे. आणि त्या घराचा संगणक इंटरनेटला जोडावयाचा नाही एवढा एक नियम पाळला तरी निम्मी चिंता मिटते.

आता आमच्या कारखानदार बंधूंसाठी दोन शब्द. सरकारने हे करावे, कंपनीने ते करावे, असे आम्ही वर बरेच लिहिले. त्याची वाट न पाहता उद्या सकाळी करण्यासारख्याही काही गोष्टी आहेत व त्यांना पैसा जवळजवळ लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉइंग पाठवणे बंद करा. कामाचा ई-मेल वेगळा काढा आणि त्याचा परवलीचा शब्द मुनिमाला सांगू नका. रद्दीत कागद देण्यापूर्वी फाडा, किंबहुना जाळा. अनोळखी पत्त्यावरून निविदेच्या नावाने आलेली फाईल उघडण्यापूर्वी फोन करून खातरी करून घ्या. चोरीचे सॉफ्टवेअर काढून टाका. ते फुकट देणाऱ्याने तुमच्या संगणकात आणखी काय ठेवले आहे ते तुम्हांस माहीत नाही, आणि जो फुकट देतो तो कोठे तरी वसूल करीतच असतो. येथे पैसा लागेल हे खरे. पण लाखो रुपयांचे यंत्र हप्त्यांनी घेणारा उद्योजक त्यावर चालणारे सॉफ्टवेअर मात्र चोरीचे वापरतो, ही गोष्ट आम्हांस कधीच पटलेली नाही.

दोन्ही जिल्ह्यांच्या उद्योग केंद्रांनी आपापल्या वसाहतींतल्या संरक्षण कामाच्या पुरवठादारांना एका दुपारी एकत्र बोलवावे, १९२३ चे कलम व २०२२ ची आज्ञा त्यांना मराठीत वाचून दाखवावी, आणि सहा तासांत कळवावयाचे ते कोणाला व कोणत्या क्रमांकावर, हे मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येकाच्या हाती द्यावे. तो कागद मालकाच्या टेबलाखालच्या खणात ठेवू नये. लेथच्या मागच्या भिंतीवर, कामगारांना येता-जाता दिसेल असा लावावा.